घोडा पळण्याआधी

२९ फेब्रुवारी २०२० रोजी रियाधच्या वेशीवरच्या जनादरियामध्ये, किंग अब्दुलअझीझ रेसकोर्सवर, सौदी कप ही शर्यत पहिल्यांदा झाली. अंतर १८०० मीटर, धाव मातीवरची आणि बक्षिसाची एकूण रक्कम दोन कोटी डॉलर. घोड्यांच्या शर्यतीला एवढं बक्षीस तोवर जगात कुठेच ठेवलं गेलं नव्हतं. अमेरिकेतून विमानाने आणलेला ‘मॅक्झिमम सिक्युरिटी’ पहिला आला. ‘मिडनाइट बिसू’ ही पाच वर्षांची घोडी मागून मुसंडी मारत थोडक्यात दुसरी आली. पहिल्या क्रमांकाचे एक कोटी डॉलर मालकांच्या खात्यात जमा व्हायचे तेवढे बाकी होते.

९ मार्चला न्यूयॉर्कमधल्या सरकारी वकिलांनी २७ जणांवर आरोप ठेवले. त्यांत ट्रेनर होते, पशुवैद्य होते, औषधं बनवणारे आणि पुरवणारे होते. मॅक्झिमम सिक्युरिटीचा ट्रेनर जेसन सर्व्हिस हा त्यांपैकी एक. प्रयोगशाळेच्या चाचणीत सापडणार नाहीत अशी ताकदवाढीची औषधं घोड्यांना टोचली जात होती, असा आरोप होता. सौदी अरेबियाच्या जॉकी क्लबने बक्षिसाची रक्कम रोखून धरली. सर्व्हिसने डिसेंबर २०२२ मध्ये गुन्हा कबूल केला, जुलै २०२३ मध्ये त्याला चार वर्षांची कैद झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये रियाधचा निकाल बदलला. मॅक्झिमम सिक्युरिटी बाद, मिडनाइट बिसू विजेती. तोवर त्या घोडीचं पळणं कधीच संपलं होतं. २०२० च्या अखेरीस पन्नास लाख डॉलरला तिची विक्री झाली होती आणि एका जपानी पैदासकाराने ती पिल्लांसाठी घेतली होती.

या प्रकरणात मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं ते आरोपींच्या यादीतल्या पशुवैद्यांनी. ट्रेनरला जिंकायचं असतं, मालकाने पैसा ओतलेला असतो, जॉकीचं पोट शर्यतीवर चालतं. त्या सगळ्या गर्दीत घोड्याच्या बाजूने उभं राहण्याची शपथ घेतलेला माणूस एकच, तो डॉक्टर. न्यूयॉर्कच्या रेसकोर्सवर काम करणाऱ्या ख्रिश्चन ऱ्हाइन या पशुवैद्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. सेथ फिशमन हा दुसरा पशुवैद्य खटला हरला, त्याला अकरा वर्षं मिळाली. एका ट्रेनरपेक्षा एका डॉक्टरला मोठी शिक्षा झाली आणि मला ती योग्य वाटते. अशा माणसाने पाठ फिरवली की घोड्याला दाद मागायला जागाच उरत नाही.

मग तबेल्यात डॉक्टर असतो तरी कशासाठी? शर्यतीच्या दिवशी टीव्हीवर दिसतात ती माणसं वेगळी. खरं काम पहाटे, कॅमेरे नसताना चालतं. रियाधमध्ये असो की मुंबईच्या महालक्ष्मीला, त्याची रीत जवळपास सारखीच आहे.

त्याची सुरुवात डॉक्टरपासून होत नाही, घोड्याची रोजची निगा राखणाऱ्या मोतद्दारापासून होते. घोड्याला बाहेर काढण्याआधी मोतद्दार दोन गोष्टी बघतो: रात्रीचा दाणा संपला का आणि अंगात ताप आहे का. निरोगी घोड्याचं तापमान साडेसदतीस ते साडेअडतीस अंशांच्या दरम्यान असतं. रोजची नोंद फळीवर लिहिलेली असते. एखाद्या सकाळी आकडा नेहमीपेक्षा अर्ध्या अंशाने चढलेला दिसला आणि टोपलीत दाणा शिल्लक असला, तर अनुभवी ट्रेनर घोडा बाहेर काढतच नाही. छातीत कफ धरतोय, की पोटात काही आहे, की कुठला विषाणू तबेल्यात शिरलाय, हे नंतर ठरतं. आखाती देशांतल्या तबेल्यांत मोतद्दार बहुतेक भारत, पाकिस्तान, बांगलादेश, सुदान अशा देशांतून आलेले असतात. घोड्याचा डोळा, शेण, उभं राहायची ढब हे सगळं त्यांना पाठ असतं. “डॉक्टरसाहेब, आज हा पुढचा पाय पुढे टाकून उभा राहतोय,” एवढं एक वाक्य वेळेवर डॉक्टरच्या कानावर गेलं, तर पुढची महागडी यंत्रं कुठे लावायची ते कळतं. ते वाक्य बोलायची मोतद्दाराला भीती वाटत असेल, तर त्या तबेल्यातलं कोणतंही यंत्र उपयोगाचं नाही.

डॉक्टर येतो तो थेट पायांकडे वाकतो. गुडघ्याखाली नळीचं हाड, त्याच्या मागे दोरासारखी टेंडनं. पाय उचलून, दुमडून, बोटांच्या चिमटीत ती वरपासून खालपर्यंत दाबत न्यायची. निरोगी टेंडन घट्ट आणि एकसारखं लागतं. कुठे किंचित फुगीर, कुठे शेजारच्या पायापेक्षा जरा ऊन, कुठे दाबल्यावर घोड्याने कान मागे टाकले, की हात तिथेच थांबतो. दोन्ही पायांना आळीपाळीने तळवा लावून उष्णता ताडायची. मग कठीण जमिनीवर लगाम सैल सोडून घोडा दुडक्या चालीने समोरून आणि मागून पळवून बघायचा. पुढच्या पायात दुखणं असेल तर तो पाय टेकताना घोडा डोकं वर घेतो आणि चांगला पाय टेकताना खाली टाकतो. लंगडणं इतकं बारीक असतं की नवख्याला दिसतच नाही. शंका आली तर सांधा मिनिटभर दुमडून धरायचा आणि सोडल्याबरोबर पळवायचा. दबलेलं दुखणं त्या पहिल्या पाच-सात पावलांत बाहेर येतं.

एवढी उठाठेव कशासाठी, ते घोड्याच्या शरीररचनेत आहे. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने पळतं, तेव्हा प्रत्येक पावलाला काही क्षण त्याचा सगळा भार एकेका पायावर येतो. पुढच्या पायावरचा तो दाब त्याच्या वजनाच्या अडीच पटीपर्यंत जातो. विश्रांतीत मिनिटाला तीसेक ठोके घालणारं हृदय शर्यतीत सव्वादोनशेच्या पुढे पोहोचतं. प्लीहा आकसून राखून ठेवलेल्या लाल पेशी रक्तात ओतते आणि रक्त अक्षरशः दाट होतं. भरधाव पळताना प्रत्येक उडीला एक श्वास, तोही फक्त नाकाने, कारण घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. टेंडनच्या गाभ्यातलं तापमान ४५ अंशांपर्यंत चढलेलं शास्त्रज्ञांनी मोजलं आहे. हृदय, फुप्फुसं आणि स्नायू सरावाने काही आठवड्यांत तयार होतात. हाडांना मात्र वेळ लागतो. सरावाच्या ताणाने हाडात सूक्ष्म चिरा पडतात, शरीर ते जुनं हाड काढून टाकतं आणि नवं भरतं. काढण्याचं काम भराभर होतं, भरण्याचं सावकाश. या मधल्या काळात हाड आधीपेक्षा कच्चं असतं आणि नेमका याच वेळी घोडा बाहेरून झकास दिसत असतो, मस्ती करत असतो, जोरात काम करायला मागत असतो.

कॅलिफोर्नियात १९९० पासून रेसकोर्सवर मेलेल्या प्रत्येक घोड्याचं शवविच्छेदन होतं. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. पाय मोडून मेलेल्या बहुतेक घोड्यांच्या त्याच हाडात आधीपासून इजा होती. आपण ज्याला अपघात म्हणतो, तो बहुतेक वेळा कित्येक आठवडे आत शिजत असतो. लहानपणी आजीने विचारलेलं कोडं सगळ्यांना आठवत असेल: घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली? उत्तर एकच, फिरवली नाही म्हणून. घोड्याच्या बाबतीत ते आजही खरं आहे. कामानंतर अर्धा तास हाताने फिरवल्याशिवाय मोतद्दार त्याला आत घेत नाही. पण शर्यतीच्या तबेल्यात डॉक्टरचं कसब असतं ते कधी फिरवायचं नाही हे ओळखण्यात.

* * *

रियाधची म्हणून काही खास दुखणी आहेत आणि त्यांतलं पहिलं वाळूचं.

घोडा जमिनीवरचं गवत वेचून खातो. जमीन वाळूची असेल तर प्रत्येक घासाबरोबर चिमूटभर वाळू पोटात जाते आणि मोठ्या आतड्याच्या तळाशी साचत राहते. घोड्याला ओकारी काढता येत नाही. आतडं इतकं लांब आणि वळणाचं, की जड वस्तू एकदा बसली की हलत नाही. मग घोडा पोटाकडे वळून बघू लागतो, पायाने जमीन उकरतो, लोळतो. शर्यतीच्या घोड्याला पोटशूळ म्हणजे कित्येकदा जीवन-मरणाचा प्रश्न असतो. आतड्याला पीळ पडला तर काही तासांत शस्त्रक्रिया करावी लागते.

वाळू आहे की नाही, हे बघायची एक साधी पद्धत आहे. डॉक्टर खांद्यापर्यंतचा लांब प्लॅस्टिकचा हातमोजा घेतो, त्यात मूठभर ताजी लीद टाकतो, पाणी भरतो, हलवतो आणि मोजा खुंटीला बोटं खाली करून टांगून ठेवतो. काही मिनिटांत लीद वर राहते आणि मोज्याच्या पाची बोटांत वाळू उतरते. बाहेरून बोट दाबलं की कळतं किती आहे ते. दुसरी खूण कानाने घ्यायची. बेंबीच्या थोडं पुढे पोटाखाली स्टेथोस्कोप लावला की आतडं हलताना किनाऱ्यावर लाट ओसरल्यासारखा आवाज येतो. उपचारात नाकातून जठरापर्यंत नळी घालून मॅग्नेशियम सल्फेट आणि ईसबगोल देतात. गुजरात-राजस्थानात पिकणारं, आपल्याकडे घरोघरी बद्धकोष्ठावर घेतलं जाणारं ईसबगोल वाळवंटातल्या घोड्याच्या पोटातली वाळू धरून बाहेर काढायला वापरतात. अर्थात पोटात गेलेली वाळू काढण्यापेक्षा ती जाऊ न देणं बरं, म्हणून चारा गव्हाणीत, खाली रबराची चटई आणि मोकळ्या आवारात सोडण्याआधी घोड्याचं पोट गवताने भरलेलं.

चाऱ्याचीही एक गोष्ट आहे. सौदी अरेबियाने जमिनीखालचं पाणी आटत चाललं म्हणून हिरवा चारा पिकवण्यावर टप्प्याटप्प्याने निर्बंध आणले आणि लसूणघास परदेशांतून येऊ लागला. जहाजातून आलेल्या सुक्या गवतात धूळ आणि बुरशीचे कण असले की घोड्याच्या श्वासनलिका सुजतात. बाहेर धुळीची वादळं, आत गवताची धूळ. पळणाऱ्या घोड्याला श्वासाचा दहावा हिस्सा कमी पडला तरी शेवटच्या दोनशे मीटरमध्ये तो मागे पडतो आणि लोक जॉकीला बोल लावतात. म्हणून गवत भिजवून किंवा वाफवून देतात आणि काम झाल्यावर घोड्याच्या नाकातून दुर्बीण घालून श्वासनलिका बघतात. त्या दुर्बिणीत आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे रक्त. जोरात पळल्यावर फुप्फुसांतल्या केशवाहिन्या फुटून रक्त येणं शर्यतीच्या घोड्यांत इतकं सर्रास आहे की नाकाबाहेर ओघळ दिसतो तो त्यातला अगदी थोडा भाग. अमेरिकेत यावर शर्यतीच्या दिवशीच फ्युरोसेमाइड टोचायची प्रथा कित्येक वर्षं होती. सौदीत, युरोपात शर्यतीच्या दिवशी अंगात औषध चालत नाही.

आणि ऊन. घोडा तासाला दहा-पंधरा लिटर घाम गाळू शकतो आणि त्या घामात रक्तापेक्षा जास्त क्षार असतात. थंड देशातून आलेल्या काही घोड्यांचं घाम येणंच एकाएकी बंद होतं. कातडी कोरडी पडते, श्वास भात्यासारखा चालू लागतो. मुंबई-मद्रासच्या दमट हवेत इंग्रजांनी हा आजार फार पूर्वी टिपून ठेवला होता. त्यावर खात्रीचं औषध आजही नाही, थंड हवेत हलवणं हाच उपाय. म्हणूनच रियाधचा हंगाम हिवाळ्यात चालतो आणि उन्हाळ्यात शर्यती सुमारे १८०० मीटर उंचीवरच्या ताइफला, किंग खालिद रेसकोर्सवर जातात. आपल्याकडच्या शौकिनाला यात नवल वाटू नये. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचे घोडेही हिवाळ्यात महालक्ष्मीला पळतात आणि पावसाळ्यात घाट चढून पुण्याच्या लष्कर भागातल्या रेसकोर्सवर येतात. तिथे ऊन टाळायचं असतं, इथे मुंबईचा पाऊस.

* * *

रियाधचा घोडा आणि मुंबईचा घोडा हे नातं आजचं नाही. एकोणिसाव्या शतकात नजदचे, म्हणजे रियाधच्या आसपासच्या मुलखातले घोडे कुवेतच्या बंदरातून जहाजाने मुंबईला यायचे. हाइलचा अमीर इब्न रशीद याच्या पागेतले घोडेही याच वाटेने हिंदुस्थानात विकायला जात, असं १८७९ मध्ये तिथे गेलेल्या लेडी अॅन ब्लंट यांनी नोंदवलं आहे. मुंबईत अरब सौदागरांचे तबेले होते. लष्करी अधिकारी, संस्थानिक, भायखळ्याच्या रेसकोर्सवरचे शौकीन तिथे घोडे पारखायला जात. भायखळ्याच्या शर्यती बंद होऊन महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ च्या सुमारास उभं राहिलं. १८६९ मध्ये नजदमध्ये जन्मलेला ‘मैदान’ नावाचा घोडा असाच मुंबईत विकला गेला. हिंदुस्थानात त्याने शर्यती मारल्या, मग वर्षानुवर्षं एका लष्करी अधिकाऱ्याला पाठीवर वागवलं आणि उतारवयात इंग्लंडला जाऊन तिथल्या अरबी पैदाशीत आपलं रक्त सोडलं. आजच्या शर्यतींत दोन वर्षांचं शिंगरू पळायला उतरतं आणि पाचव्या वर्षी निवृत्त होतं. विशीपर्यंत ठणठणीत पायांनी चालणाऱ्या त्या घोड्याची आठवण डॉक्टरांनीच नव्हे, पैदास करणाऱ्यांनीही ठेवावी असं मला वाटतं.

घोडे आले तसे त्यांचे आजारही आले-गेले. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने डेरा इस्माइल खानला आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारा एक जीव पाहिला. सर्रा या आजाराचं हे मूळ. अशा जातीच्या जंतूमुळे रोग होतो हे पहिल्यांदाच दिसलं होतं, पण वरिष्ठांनी ते मनावर घेतलं नाही. पुढे १८८५ मध्ये ब्रह्मदेशात खेचरं त्याच आजाराने मरू लागली, तेव्हा तपासाला गेले जॉन हेन्री स्टील. तेच स्टील २ ऑगस्ट १८८६ रोजी परळला सुरू झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. शेजारी बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ. महाराष्ट्रातल्या पशुवैद्यकाची मुळं या आवारात आहेत आणि त्यांत घोड्यांचा वाटा मोठा होता, हे आज तिथून गाय-म्हैस-कुत्र्यांची औषधं घेऊन जाणाऱ्यांना ठाऊक नसतं.

सर्रा आजही गेलेला नाही. घोडमाशी चावली की तो पसरतो, उंट तो अंगावर वागवतो आणि घोडा त्याने खंगून मरतो. ज्या जनादरियात घोड्यांच्या शर्यती होतात, तिथेच उंटांच्या शर्यतीही होत आल्या आहेत, तेव्हा तिथल्या डॉक्टरला दोन्हींकडे डोळा ठेवणं भाग असतं. १९५९ ते १९६१ या काळात आफ्रिकन हॉर्स सिकनेस पश्चिम आशियातून भारतापर्यंत आला आणि त्यात सुमारे तीन लाख घोडे-गाढवं-खेचरं गेली. २००६ मध्ये ग्लँडर्सने पुन्हा डोकं वर काढलं, तेही पुणे आणि पाचगणीत. हा रोग घोड्याकडून माणसाला होतो, त्यावर लस नाही आणि रोगी घोडा मारावाच लागतो. पाचगणीच्या टेबललँडवर पोरांना फेरी मारून आणणाऱ्या घोड्यांचे मालक काही श्रीमंत नव्हते. त्यांचं अख्खं घर त्या एका जनावरावर चालत होतं.

सौदी कपसाठी जपान, अमेरिका, इंग्लंडमधून घोडे येतात ते रक्ततपासण्या, विलगीकरण आणि वेगळे तबेले यांच्या आधारावर. लांबच्या विमानप्रवासाचा म्हणून एक वेगळा आजार आहे. तासन् तास डोकं वर बांधलेलं राहिलं की घोड्याला नाका-घशातला कफ खाली सोडता येत नाही, तो फुप्फुसांत उतरतो आणि दोन दिवसांत न्यूमोनिया होतो. म्हणून प्रवासात मधूनमधून मान खाली सोडू द्यायची, गवत खाली ठेवायचं आणि उतरल्यावर पहिले काही दिवस दोन्ही वेळ ताप बघायचा. भारतीय घोड्यांना परदेशात नेणं अवघड होतं, कारण इथल्या रोगांची धास्ती. जुलै २०२५ मध्ये मेरठ छावणीतल्या लष्करी पशुवैद्यकीय केंद्राला भारतातला पहिला रोगमुक्त अश्वविभाग म्हणून जागतिक मान्यता मिळाली. ग्लँडर्स आणि सर्रा या दोन्हींची नावं त्या यादीत आहेत. ही बातमी क्रीडापानावर कुठे दिसली नाही. भारतीय घोडा उद्या रियाधला पळायचा असेल तर मेरठचं हे काम जॉकीच्या चाबकापेक्षा महत्त्वाचं ठरेल.

* * *

आता औषधाकडे येऊ. सरावातल्या घोड्याला औषधं लागतात, यात गैर काही नाही. त्याच्या जठरात व्रण असतात. शर्यतीच्या सरावातल्या दहापैकी आठ-नऊ घोड्यांत ते सापडल्याचे अभ्यास आहेत, कारण मूळचं दिवसभर चरणारं जनावर आपण दाण्याच्या दोन-तीन वेळांवर आणलेलं असतं. त्याला ओमेप्राझोल द्यावं लागतं. ठेच लागते, ताप येतो, दात घासावे लागतात. प्रश्न दुखणं शमवणाऱ्या औषधाचा आहे. फिनाइलब्युटाझोन हे घोड्यांसाठीचं स्वस्त आणि प्रभावी वेदनाशामक. सुजलेल्या सांध्यात कॉर्टिकोस्टेरॉइड टोचलं की चार दिवसांत घोडा खुलून पळतो. हेच औषध देऊन घोड्याला सहा आठवडे विश्रांती दिली तर तो उपचार आहे. औषध देऊन पुढच्या आठवड्यात त्याला शर्यतीत उतरवला, तर दुखण्याने जो इशारा दिला असता तोच आपण बंद केला. वेदना हे घोड्याचं एकमेव बोलणं आहे.

म्हणून प्रत्येक औषध लघवीत आणि रक्तात किती काळ सापडतं याचे तक्ते असतात. फिनाइलब्युटाझोनसाठी युरोपात तो काळ १६८ तास धरतात आणि शहाणा डॉक्टर त्यावर आणखी दिवस धरतो. चूकही होऊ शकते. इंग्लंडच्या राणीची ‘एस्टिमेट’ ही घोडी २०१४ च्या अॅस्कट गोल्ड कपमध्ये दुसरी आली आणि मग बाद झाली, तिच्या अंगात मॉर्फिन सापडलं होतं. ते आलं होतं भेसळ झालेल्या खाद्यातून. अशा वेळी ट्रेनरची बदनामी होते, पण नियम तोच राहायला हवा, कारण सवलत दिली की पळवाट होते. याउलट २०१३ मध्ये इंग्लंडमधला गॉडॉल्फिन तबेल्याचा ट्रेनर महमूद अल झरूनी याने घोड्यांना स्टेरॉइड दिल्याचं उघड झालं आणि त्याच्यावर आठ वर्षांची बंदी आली. ते ठरवून केलेलं काम होतं.

अमेरिकेतलं प्रकरण त्याच्याही पुढचं. तिथे पकडलं काय जाईल याचा हिशेब आधी करून औषध निवडलं जात होतं. मेंढीच्या वारेपासून बनवल्याचं सांगितलं जाणारं एसजीएफ-१००० हे त्यांतलं एक. प्रयोगशाळेला ते सापडणारच नाही या भरवशावर ते टोचलं जायचं. हे सगळं बाहेर आलं ते टेलिफोनवरची बोलणी ऐकून, चाचणीतून नव्हे. त्याच खटल्यातला दुसरा ट्रेनर जॉर्जे नवारो. त्याचा ‘एक्स वाय जेट’ हा घोडा मार्च २०१९ मध्ये दुबईची गोल्डन शाहीन जिंकला आणि जानेवारी २०२० मध्ये अचानक मेला. या घोड्याला औषधं दिल्याचं नवारोने कबूल केलं आणि त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. मॅक्झिमम सिक्युरिटी निदान जगला. पहिल्या शर्यतीत सोळा हजार डॉलरला कुणीही उचलावा अशा किमतीत उतरवलेला हा घोडा चौदा महिन्यांत रियाधला पहिला आला होता. यातलं त्याचं स्वतःचं किती आणि सुईचं किती, हे आता कधीच कळणार नाही, आणि त्या घोड्यावरचा हा अन्याय कुठल्याही निकालाने भरून येत नाही.

यावर उपाय काय, याचं उत्तर अर्धं यंत्रांत आहे. २०१८-१९ च्या हंगामात कॅलिफोर्नियातल्या सँटा अॅनिटा रेसकोर्सवर तीस घोडे गेले आणि त्यानंतर तिथे उभ्या घोड्याच्या पायाचं पेट स्कॅन करणारं यंत्र बसवलं गेलं. २०२० च्या मेलबर्न कपमध्ये ‘अँथनी व्हॅन डाइक’ हा एप्सम डर्बीचा विजेता कोसळला. त्यानंतर बाहेरून येणाऱ्या घोड्यांच्या पायांचं सीटी स्कॅन तिथे सक्तीचं झालं. स्कॅनमध्ये शंका आली तर हजारो मैल प्रवास करून आलेला घोडाही परत फिरतो, मालक कितीही बडा असो. हे मला फार मोलाचं वाटतं. उत्तराचा उरलेला अर्धा भाग पगाराचा आहे. ज्याच्या हातून डॉक्टरचं बिल भागतं, त्याच्या तोंडावर ‘आज हा घोडा पळणार नाही’ असं म्हणणं सोपं नसतं. उपचार करणारा डॉक्टर ट्रेनरचा असू दे, पण शर्यतीआधी पायाला हात लावून निर्णय देणारा डॉक्टर क्लबच्या पगारावर असावा, त्याच्या शब्दावर अपील नसावं आणि घोड्याला दिलेलं प्रत्येक औषध त्याच्यासमोर लिहिलेलं असावं. मोठ्या रेसकोर्सांवर क्लबचे डॉक्टर असतातच. लहान केंद्रांवर, सरावाच्या मैदानांवर त्यांची नजर पोहोचत नाही, आणि घोडा बहुतेक वेळ तर सरावातच असतो.

रियाधच्या इतिहासात एक निकाल मला म्हणूनच आवडतो. २०२२ चा सौदी कप ‘एम्ब्लेम रोड’ने जिंकला. तो जन्माने अमेरिकन, पण सरावाला रियाधमध्येच, स्थानिक ट्रेनर मितब अल मुलावाह यांच्याकडे. परदेशातून आलेल्या नामांकित घोड्यांपुढे त्याला कुणी मोजलं नव्हतं. त्याला विमानप्रवासाचा शीण नव्हता, माती ओळखीची होती, हवा ओळखीची होती. शर्यतीत नशीबही असतं, तेव्हा सगळं श्रेय याला देता येणार नाही. तरी घरच्या गव्हाणीवर वाढलेल्या घोड्याने तो चषक घरी ठेवला, याचा आनंद जनादरियाच्या तबेल्यांत नक्कीच झाला असेल.

पळणं थांबल्यावरच्या आयुष्याचंही बोलायला हवं. पुण्याच्या पूनावाला स्टड फार्मचे म्हातारे घोडे एके काळी परळच्या हाफकिन संस्थेला दिले जात. तिथे त्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिविष काढत. ते काम आपणच का करू नये, या विचारातून १९६६ मध्ये सायरस पूनावाला यांनी सीरम इन्स्टिट्यूट काढली आणि धनुर्वाताच्या सीरमपासून सुरुवात केली. रियाधमध्येही नॅशनल गार्डच्या आरोग्य विभागाचं केंद्र घोड्यांच्या रक्तापासून साप-विंचवावरचं प्रतिविष बनवतं. या घोड्यांचं कुणी तिकीट काढून दर्शन घेत नाही. त्यांचंही तापमान रोज बघावं लागतं, रक्त काढल्यावर किती दिवस विश्रांती द्यायची ते ठरवावं लागतं, सुई टोचलेल्या जागी गळू धरतंय का ते चाचपावं लागतं. रोह्याच्या किंवा डहाणूच्या सरकारी दवाखान्यात रात्री फुरसं चावलेला शेतमजूर आणला जातो, तेव्हा डॉक्टर फ्रीजमधून काढतात ती कुपी घोड्याच्या रक्तातून आलेली असते. त्या कळपाचा डॉक्टर कोण, त्याला पुरेसा पगार आणि पुरेसे सहकारी आहेत का, घोडे म्हातारे झाल्यावर त्यांना कुरण मिळतं का, हे प्रश्न दोन कोटी डॉलरच्या शर्यतीइतक्याच जोरात विचारायची वेळ आली आहे.